खाटेखालची जागा

दादा, भिंत फोडायची की नाही यावर भूषणचा आणि माझा वाद चालला होता, तेव्हा तू त्या घरातच होतास. कोणत्या भिंतीमागे, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तुझं बारावं उरकलं होतं.

हा मजकूर तुझ्यासाठी असला तरी इतरही तो वाचतील, म्हणून आधी थोडा खुलासा. घर म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गेममधलं घर. एका बेटावर देशोदेशीची माणसं रिकाम्या हातांनी उतरतात, लाकूड तोडतात, दगड फोडतात, घर बांधतात आणि ते घर एकमेकांपासून सांभाळतात. कोणी जिंकत नाही. या गेमचा एक नियम असा, की आपण कॉम्प्युटर बंद केला तरी आपला माणूस बेटावरून नाहीसा होत नाही. तो असेल तिथे आडवा होतो आणि झोपतो. आपण परत येईपर्यंत झोपूनच राहतो. तोवर ज्याचा हात त्याच्यापर्यंत पोहोचेल तो त्याला मारू शकतो. म्हणून खेळणारे बंद करण्याला 'झोपणं' म्हणतात, आणि झोपण्याआधी जागा बघून घेतात. तूही जेवायला उठताना हेडफोनमध्ये सांगायचास, "चल रे, झोपतो."

शेवटचं सांगितलंस ते एका रविवारी. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना चपला घालायला वाकलास, तो उठला नाहीस. बाकीचा तपशील इथे नको. तो लिहिण्याची माझी पेपरातली रीत ठरलेली आहे आणि ती तुझ्यासाठी वापरायची नाही.

भूषण बाराव्याला आला. शीव कोळीवाड्याचा हा मुलगा आपल्या घरी पहिल्यांदाच येत होता. तुमची ओळख बेटावरची, नदीच्या अलीकडे तुझं घर आणि पलीकडे त्याचं. पहिले काही आठवडे तुम्ही एकमेकांशी इंग्रजीत बोलत होतात आणि दोघांनाही समोरचा परदेशी वाटत होता. मग एका दुपारी भूषणला लांडगा चावला आणि त्याने लांडग्याच्या आईचा अस्सल मराठीत उद्धार केला. तू खुर्चीवरून पडायच्या बेतात होतास, असं वहिनी सांगते.

"कुठला रे तू?"

"शीव कोळीवाडा."

"अरे, मग इतके दिवस इंग्लिश कशाला फाडतोयस?"

"तुम्हीच चालू केलं, भाऊ. मला वाटलं ब्राझीलचे आहात."

बाराव्याच्या पंगतीत मावशीने त्याला विचारलं, "तुम्ही कोण?" तो म्हणाला, "भाऊंचा शेजारी." मावशी म्हणाली, "कुठल्या मजल्यावर?" तो गडबडला. "मजल्यावर नाय. नदीच्या पलीकडे." मावशीने पुढे काही विचारलं नाही. नायगावची चाळ सोडून तुम्ही भाड्याने राहायला आलात त्या भागात एखादी नदी असेलही, असं तिला वाटलं असावं. निघताना भूषणने मला जिन्यात गाठलं.

"ताई, भाऊ तिकडे अजून आहे."

मला लगेच कळलं नाही.

"झोपलेला. लिस्टला दाखवतंय. आणि घर झिजायला लागलंय."

आता दुसरा नियम. या गेममध्ये प्रत्येक घराला एक कपाट असतं. त्यात दगड-लाकूड भरत राहायचं, त्यावर भिंती टिकतात. कपाट रिकामं झालं की घर आपोआप झिजतं आणि काही दिवसांत कोसळतं. कपाट ज्याच्या हाती लागेल त्याचं घर, म्हणून ते दडवतात. तू तर ते आमच्यापासूनही दडवलं होतंस. घरावर तुझा, भूषणचा आणि माझा, असा तिघांचा हक्क तूच ठेवला होतास. कपाट सापडलं असतं तर माझ्या हातानेही उघडलं असतं. पण जागा सांगितली नव्हतीस. "सापडलं तर सांग," एवढंच म्हणाला होतास. कपाटाच्या त्या गुप्त जागेतच तू झोपतोस, हे भूषणला माहीत होतं. त्यामुळे शोध एकच होता. जागा मिळाली तर घर उभं राहणार होतं. नाही मिळाली तर भिंती पडणार होत्या आणि तू उघड्यावर येणार होतास.

भूषणचं म्हणणं, एकेक भिंत फोडत जाऊ. मी म्हटलं, फोडलेली भिंत परत उभारायला कपाट लागतं.

"मग काय, बघत बसायचं?"

"मोजू या. आतून आणि बाहेरून."

"भाऊ पण हेच बोलायचा. तुम्ही दोघं काय टेप घेऊन जन्माला आलात का?"

जवळपास तसंच. नायगावच्या खोलीत आई-बाबा, काका-काकू, तू आणि मी, अशी सहा माणसं. जागा नसलेल्या घरात वाढलेल्या माणसाला भिंतीची जाडी दिसते. दाराच्या चौकटीवरची मोकळी पट्टी बाबांनी फळी ठोकून चपलांना दिली होती. पोटमाळ्याच्या फळ्यांमध्ये काकूची नऊवारी सपाट घालून ठेवलेली असायची. शिडी भिंतीला उलटी टेकवली की तिच्या पायऱ्यांवर माझी पुस्तकं राहायची. कोणाकडे पाहुणा म्हणून गेलो तरी आपण दोघं आधी छताकडे बघायचो, आणि परत येताना तू म्हणायचास, "त्यांची सव्वा हात उंची फुकट जात्येय." इतर मुलं बाहेर पडल्यावर काय खाल्लं ते सांगतात.

पहिल्या घरात तू कपाट देव्हाऱ्यामागे दडवलंस. गेममध्ये देव नसतात. तू भिंतीला फळी लावलीस, तिच्यावर एक गोटा ठेवलास, दोन्ही बाजूंना मशाली खोचल्यास आणि मागच्या पोकळीत कपाट ठेवलंस. हिशेब सरळ होता. आईची पाटल्यांची डबी देव्हाऱ्यामागेच असायची. खोली भरून पाहुणे आले तरी पारोशा हाताने तिथे कोणी शिवत नसे, आणि अंघोळ करून तिथे हात घालणारी एकटी आई. धाड घालायला आलेली टोळी कुठल्या देशाची होती कोण जाणे. त्यांनी घरात शिरून दुसरीकडे कुठेही न बघता तीच भिंत फोडली. भूषण झाडामागून त्यांचं बोलणं ऐकत होता.

"भाऊ, ते बोलले, एवढी लायटिंग केलीय म्हणजे माल इथेच आहे."

"पण देवामागे?" तुझा आवाज खरोखर दुखावलेला होता.

"त्यांना काय माहीत देव! त्यांना गोटा दिसला."

दुसऱ्या घरात तू मोरी बांधलीस. कोपऱ्यात बुटका कट्टा, एक बादली आणि मागे पोकळी. मी विचारलं, "गेममध्ये अंघोळ आहे का?" नाही म्हणालास. "मग मोरी कशाला?" "घर आहे ना." ती पोकळी मात्र टिकली. मोरीत वाकून बघावं असं जगात कोणालाच वाटत नाही, हे तू सिद्ध केलंस. ती मला सापडली ती मापावरून, कारण बाहेरून खोली जेवढी लांब होती तेवढी आतून नव्हती. सांगितलं तेव्हा तू चिडशील असं वाटलं होतं. तू इतका खूश झालास, की वहिनीला बोलावून सांगितलंस.

तिसऱ्या, म्हणजे आताच्या घरातही तू मोरी ठेवलीस, पण त्याचं माप आतून बाहेरून सारखं निघत होतं. तू म्हणायचास, "मोज, निमे. मोज."

लग्न झालेले भाऊबहीण सणाला भेटतात, घाईत जेवतात आणि एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात. आपण दर रविवारी दुपारी भेटत होतो. वर्तमानपत्रातली माझी ड्यूटी रविवारी उशिरा सुरू व्हायची, तुला सुट्टी असायची. लाकडं तोडता तोडता बोलणं व्हायचं. बाबांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल आपण पहिल्यांदा बोललो ते एका हरणामागे धावताना. समोरासमोर बसून ते बोललो नसतो. ही सोय तू करून दिलीस. तेव्हा तिला सोय म्हणायचं सुचलं नव्हतं.

दोन भांडणं अर्धी राहिली. पहिलं असं. हे बेट ज्याच्या मालकीचं, तो त्याच्या मर्जीने कधीही सगळं पुसून टाकतो आणि सगळे पुन्हा रिकाम्या हातांनी उतरतात. मी विचारलं, असं असताना एवढं दडवायचं कशाला? तू म्हणालास, "तुमचा पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. तू काना-मात्रा तपासतेस की नाही?" मी म्हटलं, पेपर रद्दीत जाण्याआधी लोक वाचतात. तुझी जागा कोणाला दिसायलाच नको आहे. मग ती बांधून उपयोग कोणाला? तू म्हणालास, "थांब, लांडगा आलाय." विषय तिथेच राहिला.

दुसरं भांडण चाळीचं. चाळ पाडून नवी इमारत व्हायची होती, म्हणून खोल्या रिकाम्या करून देण्याच्या दिवसांत माझ्या हाताखालून गेलेल्या एका बातमीत 'रहिवाशांमध्ये समाधानाचं वातावरण आहे' असं वाक्य होतं. तू फोन केलास.

"मला कोणी विचारलं?"

"तू समाधानी नाहीस का?"

"आहे ना. मोठं घर मिळणार, संडास आत असणार. का नसेन?"

"मग वाक्य बरोबर आहे."

"बरोबरच आहे ग. पण मला कोणी विचारलं?"

ते वाक्य मी आजही तसंच जाऊ देईन. तू आजही तेच विचारशील. तुझी बाजू इथे नोंदवली आहे.

बाराव्यानंतर आईला मी काही दिवस दादरला माझ्याकडे आणलं होतं. दुपारी ड्यूटीला जाण्याआधी मी बेटावर जायचे. तुझ्या घरात उभं राहिलं की एक आवाज येत असे. सावकाश श्वास आत, मग बाहेर. भूषणला विचारलं तर तो म्हणाला, झोपलेला माणूस जवळ असला की येतो तो. "सगळ्यांचा आवाज एकच असतो, ताई. त्यांनी एकदाच रेकॉर्ड करून सगळ्यांना लावलाय." दगडी खोलीत तो सगळ्या बाजूंनी सारखाच येतो, त्यामुळे त्यावरून दिशा कळत नाही. मी मोरी तपासली, माळा तपासला, भिंती पुन्हा मोजल्या. बाहेर कोपऱ्यावरच्या दगडांना तडे जायला लागले होते. श्वासाची लय बदलत नव्हती. ऑफिसात बसून इतरांचं लिखाण दुरुस्त करताना मला तो ऐकू यायचा. हेडफोन त्या वेळी घरी असायचा.

आई माझ्या मागे बसून कोथिंबीर निवडत होती.

"काय सोदतंस गो?"

"हे दादाने बांधलेलं घर आहे, आई."

"मग तो खंय?"

आत कुठेतरी झोपलाय, सापडत नाही, असं मी सांगितलं. याहून वेगळं काय सांगायचं ते सुचलं नाही. आईने चष्मा वर करून पडद्याकडे बघितलं.

"खाटेखाली बघलंस? तो थंयच निजता."

आणि ती कोथिंबिरीकडे वळली.

नायगावची बाबांची लोखंडी खाट विटांवर चढवलेली होती. तिच्याखाली अर्ध्या जागेत ट्रंका आणि उरलेल्या अर्ध्यात तू. शाळा, कॉलेज, नोकरीची पहिली वर्षं, लग्न ठरेपर्यंत तू तिथे झोपलास. उठताना डोकं आपटू नये म्हणून आधी कुशीवर वळून, मग कोपरावर सरकत बाहेर यायचास. बाहेर आलास की आई चादर झटकायची आणि तिथे पाण्याची कळशी ठेवायची, म्हणजे दिवसा ती जागाही तुझी नसायची.

बेटावरच्या घरात कोपऱ्यात दगडी ओटा होता आणि त्यावर खाट. त्या खाटेवर मी कितीदा तरी उभी राहिले होते. लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती. उंची मोजलीच नव्हती. ओटा खाटेला लागतो त्याहून बराच उंच होता. त्याच्या बाजूच्या दगडांना एकेक करून हात लावत गेले. भिंतीकडचा एक दगड आत सरकला.

तू डाव्या कुशीवर झोपला होतास. गुडघे थोडे मुडपलेले, तोंड भिंतीकडे. पायाशी कपाट होतं, त्यातले दगड तळाला गेले होते. आधी ते भरलं. बाहेर भूषण ओरडला, "ताई, भिंत झिजायची थांबली! तडे बुजले, भेटलं वाटतं!" मग तोही सरपटत आत आला. त्याने आधी तुझ्याकडे बघितलं, मग चारही कोपऱ्यांत.

"आणि माल कुठाय?"

माल नव्हता. बंदुका, लोखंड, कापड सगळं बाहेर दाराजवळच्या पेट्यांत होतं. त्या पेट्यांना तू कधी कुलूप लावलं नाहीस आणि भूषणने त्यावरून तुला कायम बोलून घेतलं. इथे तू, कपाट आणि बाकी रिकामी जागा. हात दोन्ही बाजूंना पसरून माणूस पडेल, एवढी.

"भाऊने मग एवढं लपवलं काय?" भूषण म्हणाला. "इथे तर काहीच नाय."

माझ्याकडे याचं उत्तर नाही. आपल्या नायगावच्या खोलीत रिकामी म्हणता येईल अशी जागा नव्हती, एवढं मला माहीत आहे. ही माहिती झाली, उत्तर नव्हे. तुझ्या तोंडून ऐकलं असतं तर लिहिलं असतं.

वहिनीला दाखवावं की नाही यावर मी विचार केला आणि दाखवलं. लॅपटॉप घेऊन तुमच्या घरी गेले. तिने बराच वेळ बघितलं.

"डाव्या कुशीवर आहेत."

"हो."

"डावा खांदा दुखतो ह्यांचा."

"वहिनी, हे चित्र आहे."

"कळतं ग मला. वेडी नाहीये मी." थोड्या वेळाने म्हणाली, "कूस बदलता येते का?"

भूषणला फोन लावला. तो म्हणाला, झोपलेल्याला कोणी हलवू शकत नाही. तो उठून पुन्हा झोपला तर काय ते. आणि उठवायचं तर त्याच्या नावाने आत जायला हवं. वहिनी म्हणाली, "पासवर्ड कॉम्प्युटरला भरलेलाच आहे. बटण दाबायचं फक्त."

मी नको म्हटलं. "उठेल ती तू असशील, वहिनी. दादा नाही."

"असेन."

"मग कशाला?"

"तुम्ही रविवारी दोन-दोन तास बोलायचात. मी आत भाजी चिरत ऐकायचे. तो कोळीवाड्याचा मुलगा आत, तू आत. मला कधी बोलावलंत का?" तिचा आवाज चढला नव्हता. "हे घर मी बघितलंच नाही. आणि ह्यांना तिथे असं, किती दिवस एका कुशीवर?"

दिसतंय त्याला दादा म्हणू नये, असं माझं मत होतं. आठवडाभर आमचं बोलणं याच एका मुद्द्यावर येऊन थांबत राहिलं. मला भीती कशाची वाटत होती ते नेमकं सांगता येतं. तू झोपलेला आहेस तोवर तू तिथे आहेस. उठलास की तिथे दुसरं कोणीतरी असणार, आणि पुन्हा झोपलास तरी तो शेवटच्या रविवारचा तू नसणार. वहिनीने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला जपून ठेवायचेत. मला कूस बदलायची आहे."

एका दुपारी ती तुमच्या घरी तुझ्या खुर्चीत बसली आणि मी दादरला माझ्या टेबलाशी. मी आधीच ओट्याच्या आत जाऊन तुझ्यासमोर ओणवी बसले होते. श्वासाचा आवाज थांबला. तू उठलास.

आधी तुझं डोकं वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. मग तू माझ्याकडे वळलास. या गेममध्ये जवळच्या माणसाचं बोलणं त्याच्या तोंडातून येतं. तुझं तोंड हललं आणि वहिनीचा आवाज आला.

"निमा? अंधार आहे ग इथे."

"थांब, मशाल लावते."

"मला नुसते हात दिसतायत. हे ह्यांचे हात?"

"हो."

"नाहीत. ह्यांच्या बोटांवर केस होते."

"इथे सगळ्यांचे हात सारखे असतात, वहिनी."

"तुला पूर्ण दिसतायत का?"

"हो."

"कसे दिसतायत?"

मी सांगितलं. अंगात कातड्याचा कोट आहे. जागा बुटकी म्हणून वाकून उभा आहे. दाढी नाही. डोळे उघडे आहेत, माझ्याकडे बघतोय.

वहिनी म्हणाली, "मी तर भिंतीकडे बघत्ये."

भूषणचं म्हणणं, नेट हळू असलं की असं होतं. एकाला एक दिसतं आणि दुसऱ्याला मागचं. मी त्याची नोंद करून ठेवली आहे.

कूस बदलली नाही. वहिनीने बंद केलं तसा तू पुन्हा डाव्याच बाजूवर कलंडलास. भूषणने नंतर खुलासा केला, की या गेममध्ये सगळेच डाव्या कुशीवर झोपतात, दुसरी कूस बनवलेलीच नाही. वहिनी म्हणाली, "मग निदान खाटेवर."

आता विरोध भूषणचा होता. "वहिनी, खाटेवर नको. आत आहे म्हणून भाऊ वाचला. खाटेवर पहिल्या धाडीत जाईल."

"लग्न झाल्यापासून ह्यांना मी एक दिवस खाटेखाली झोपू दिलं नाही. आता देऊ?"

भूषणने माझ्याकडे मदत मागितली. मी वहिनीच्या बाजूने बोलले. भूषणने एक शिवी गिळली आणि नदीपलीकडचं त्याचं अर्धं घर मोडून तो दगड घेऊन आला. खोलीभोवती दुसरी भिंत उभी केली, तिच्याबाहेर तिसरी. तू खाटेवर झोपायला लागलास. ओट्याच्या आत कपाट राहिलं आणि ती जागा.

वहिनी रोज दुपारी तुला थोडा वेळ उठवते. अंथरुणावर पडून असलेल्या माणसाला उठवून बसवतात, तसं. उठलं की भूक लागते, म्हणून भूषण मासे आणून देतो. नदीचे मासे, तो त्यांना नावं ठेवतो. वहिनी आधी भिंतींवर आपटायची, पाण्यात पडायची. भूषण ओरडायचा, "वहिनी, कुदळ उलटी धरलीय!" आणि ती म्हणायची, "आयुष्यभर लाटणं धरलंय रे मी, सवय जायला वेळ लागेल." हळूहळू ती दगड फोडायला शिकली. कपाट आता तीच भरते. पारोशा हाताने भरत नाही, असं तिने मला सांगितलं. आईला हे सगळं माहीत आहे. ती विचारते, "तो जेवलो काय?" आणि मी हो म्हणते.

गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा खाट रिकामी होती. तू नदीकाठी माझ्याकडे पाठ करून दगड फोडत होतास. वहिनी एका दमात फोडते, थांबत नाही, तिला ते लवकर आटपायचं असतं. तू मात्र चार घाव घालून थांबायचास, पाण्याकडे बघायचास आणि मग पुढचा घाव घालायचास. त्या दुपारी काठावरची पाठ चार घाव घालून थांबत होती.

मी "वहिनी" म्हणून हाक मारली. उत्तर आलं नाही. जवळ जाऊन पुन्हा मारली. तिथे पाण्याचा आवाज मोठा आहे, आणि वहिनी कधी कधी हेडफोन काढून ठेवते. दोन्ही कारणं शक्य आहेत.

मग मी "दादा" म्हटलं. तू वळलास, कुदळ खाली केलीस आणि मी पुढे काय बोलते याची वाट बघत उभा राहिलास.